गुदद्वाराच्या कर्करोगाची पूर्वावस्था
गुदद्वाराच्या अस्तरपेशींत बहुधा एचपीव्ही विषाणूमुळे, विशेषतः प्रकार १६ मुळे होणारे, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारे बदल. एचआयव्हीबाधितांना धोका अधिक. लक्षणे सहसा नसतात. रक्त दिसले तरी मूळव्याध समजून दुखणे अंगावर काढले जाते. निदान भिंगातून पाहून व तुकडा तपासून होते; बाधित भाग विद्युतप्रवाहाने जाळतात किंवा औषधी मलम लावतात. अमेरिकेतील ‘अँकर’ चाचणीत (२०२२) पस्तिशीपुढील ४,४५९ एचआयव्हीबाधित होते. नुसती देखरेख ठेवलेल्या गटात २१ जणांना कर्करोग झाला, उपचार घेतलेल्यांत ९ जणांना. गर्भाशयमुखाच्या कर्करोगालाही हाच विषाणू कारण; त्याबाबतचा पुरावा मात्र मराठवाड्यातला. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने व त्यानंतरच्या उपचाराने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले (२००९).