तापीपलीकडचे झैनाबाद

बऱ्हाणपूर सर्वांना ठाऊक. पण तापीच्या पलीकडच्या काठावरील झैनाबाद या खेड्याकडे कोण पाहतो? देवनागरीत 'जैनाबाद' लिहिले की वाचणारा ते जैन धर्माशी जोडून मोकळा होतो. उर्दूत 'झे'ने लिहिले की नावाचा धनी कळतो : हजरत झैनुद्दीन शिराझी.

दोनशे वर्षांनंतर लिहिणारा फरिश्ता सांगतो की, खानदेशच्या नासिरखान फारुकीने असीरगड घेतला तेव्हा शेख झैनुद्दीन मुबारकबाद द्यायला दौलताबादहून आले. त्याने जहागीर देऊ केली, शेखांनी नाकारली. फकिराला जहागीर कशाला? त्यांनी एवढेच मागितले की, नासिरखानाच्या तळाच्या जागी आपले मुर्शिद बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने शहर वसवावे. शेखांचा मुक्काम होता त्या काठावर झैनाबाद वसले.

कथा आम्हालाही प्रिय आहे. पण सनावळी आडवी येते. नासिरखान गादीवर आला १३९९ मध्ये. शेख १३६९ मध्येच वारले होते. मग नाव कुठून आले? नासिरखानाचे वडील मलिक राजा हे शेखांचे मुरीद होते, असे तवारिखा सांगतात. वडिलांच्या पिराचे नाव मुलाने गावाला दिले, असे आम्ही मानतो. भेटीच्या कथेहून ही गोष्ट आम्हाला उणी वाटत नाही.

१६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली. तिला आधी दफन केले ते झैनाबादच्या बागेत. सहा महिन्यांनी आग्र्याला नेले. औरंगजेबाची हिराबाई 'झैनाबादी' म्हणूनच ओळखली गेली. आणि औरंगजेब स्वतः? त्याची कबर खुलदाबादला, शेख झैनुद्दीन यांच्याच दर्ग्याच्या आवारात.