सिगविन १.७ : चाचणी आवृत्ती आणि दोषदुरुस्ती

सिगविन ही युनिक्ससाठी लिहिलेले प्रोग्राम विंडोज संगणकावर चालवता यावेत म्हणून तयार केलेली मुक्त सुसंगतता-प्रणाली आहे. तिची १.७ ही आवृत्ती २००८-०९ मधील दीर्घ चाचणीनंतर डिसेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. देवनागरी नावाच्या फाइली अधिकृत सिगविनमध्ये उघडता येऊ लागल्या त्या याच आवृत्तीपासून. त्यामुळे मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने ही आवृत्ती विशेष महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

सिगविनचा आरंभ १९९५ मध्ये सिग्नस सोल्यूशन्स या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी केला. पुढे ही कंपनी रेड हॅटमध्ये विलीन झाली. १.७ च्या काळात प्रकल्पाची धुरा प्रामुख्याने कोरिना विन्शेन यांच्याकडे होती. सिगविनमध्ये प्रोग्राम युनिक्सच्या भाषेत मागणी करतो आणि मधले ग्रंथालय ती विंडोजच्या भाषेत उलगडून सांगते. या दुभाष्याची चूक झाली, तर दोष मूळ प्रोग्रामचा आहे असाच भास होतो.

देवनागरी नावांचा दोष

१.५ पर्यंतचे सिगविन विंडोजच्या जुन्या, एका भाषागटापुरत्या अक्षरसंचावर आधारलेले होते. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असा संच कधीच नव्हता. विंडोज २००० पासून मराठी आली, ती केवळ युनिकोडच्या आधारे. परिणामी ‘हजेरी’ नावाची फाइल सिगविनच्या यादीत पाच प्रश्नचिन्हे होऊन दिसे. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. म्हणून फाइल डिस्कवर शाबूत असूनही सिगविनमधून ती उघडता येत नसे, पुसता येत नसे आणि तिची प्रतही काढता येत नसे. राखीव प्रती सिगविनच्या साधनांनी काढणाऱ्याचे यात खरे नुकसान होते, कारण मराठी नावाच्या फाइली त्या प्रतीतून गळत.

उपाय वरवरचा नव्हता. विंडोज ९५, ९८ व एमई यांत युनिकोडची पुरेशी सोय नसल्याने १.७ ने त्यांचा आधारच सोडून दिला. नावे यूटीएफ-८ सांकेतिकरणात हाताळली जाऊ लागली. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ‘हजेरी’ हे नाव पंधरा बाइटांचे होते. फाइलमार्गाची सुमारे २६० चिन्हांची मर्यादाही सैल झाली. विंडोजला वर्ज्य असलेली, पण युनिक्सला चालणारी विसर्गचिन्हासारखी किंवा तारांकनासारखी चिन्हे युनिकोडच्या खासगी कक्षेत ठेवण्याची युक्ती योजण्यात आली.

चाचणीची रीत

चाचणी आवृत्त्यांना १.७.० या अंकापुढे अनुक्रमांक जोडलेला असे. वापरकर्ते ती नेहमीच्या आवृत्तीपासून वेगळ्या फोल्डरमध्ये बसवत, दोष कळवत आणि सोबत आपल्या संगणकाचा तपशील देत. दुरुस्त्यांच्या यादीसह पुढचा क्रमांक निघे. दोष पुन्हा घडवून दाखवता आला, तरच तो दुरुस्त होण्याची शक्यता असते. नुसते ‘चालत नाही’ हे वाक्य निरुपयोगी. नवशिक्या विद्यार्थ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

न मिटलेले प्रश्न

युनिक्समध्ये चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रत काढणारी ‘फोर्क’ ही क्रिया आहे. विंडोज आपल्या प्रोग्रामांना अशी सोय देत नाही. सिगविन नवी प्रक्रिया सुरू करून तिच्यात जुनीची स्मृती ओतते. त्यासाठी सर्व ग्रंथालये त्याच पत्त्यांवर बसावी लागतात. ती न बसल्यास क्रिया फसते. पत्ते नव्याने वाटून देणारे ‘रीबेस’ हे साधन त्यासाठीच आहे.

नाव ओळखले जाणे आणि ते पडद्यावर शुद्ध दिसणे या मात्र भिन्न गोष्टी होत. जोडाक्षरे व वेलांट्या जागच्या जागी दिसणे हे टर्मिनल व टंक यांवर अवलंबून असते, आणि १.७ मध्येही टर्मिनलवर ‘विद्यार्थी’ हा शब्द विस्कटू शकतो. लिनक्सच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नावर मुंबईच्या उपनगरातच काम झाले. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’ या प्रकल्पाद्वारे एक्स विंडो प्रणालीतच भारतीय लिपींची सोय करण्याचा प्रयत्न केला होता.