बाळंतपणानंतरचा व्यायाम: कधी आणि कसा सुरू करावा?

बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती मिळावी, हा रिवाज चांगलाच आहे. पण विश्रांती म्हणजे सतत बाजेवर पडून राहणे नव्हे. गर्भारपणात ताणलेले पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नुसत्या मालिशने किंवा शेकाने पूर्ववत होत नाहीत. त्यांना व्यायाम लागतो.

पहिला आठवडा

- डॉक्टरांनी परवानगी दिली की घरातल्या घरात थोडे थोडे चाला. सिझर झाले असले तरी चालणे गरजेचे आहे. त्यामुळे पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.
- पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवा आणि पोट फुगवून दीर्घ श्वास घ्या.
- उठताना आधी कुशीवर वळा, मग हातावर जोर देऊन बसा. खोकताना टाक्यांवर उशी धरा.

ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम

खोकताना, शिंकताना लघवी सुटते का? अनेक बाळंतिणींना हा त्रास होतो, पण लाजेपोटी त्या सांगत नाहीत. हे बाईच्या जातीचे भोग नाहीत. यावर उपाय आहे.

वायू रोखून धरताना जसे आकसतो, तसे गुदद्वार आणि योनीमार्ग आत, वर ओढा. 5 आकडे मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असे 10 वेळा, दिवसातून तीनदा करा. श्वास रोखू नका. लघवी करताना हा व्यायाम करू नका. लघवीची नळी लावली असेल, तर ती काढल्यावरच सुरू करा. टाके खोलवर असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पोट बांधावे का?

सैलसर पट्ट्याने आधार वाटतो, सिझरनंतर तर नक्कीच. पण करकचून बांधल्यास खालच्या स्नायूंवर दाब वाढतो. बंद खोलीत शेगडी ठेवू नका. कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो.

शेतात कधी जावे?

वाशिम, रिसोड, मंगरुळपीर भागात सोयाबीनची सोंगणी आली की घरात प्रत्येक हात लागतो. तरीही पहिले 6 आठवडे भरलेला गुंड, धान्याचा कट्टा उचलू नका. सिझर झाले असेल तर बाळापेक्षा जड काही नको. त्यानंतर हलक्या कामापासून सुरुवात करा. योनीमार्गात काही उतरल्यासारखे वाटले, तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा. दुर्लक्ष केल्यास पुढे अंग बाहेर येण्याचा त्रास वाढू शकतो. सासूबाई आणि नवऱ्यानेही हे समजून घ्यावे.

लगेच दवाखान्यात जा

- तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव
- ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधीयुक्त स्राव
- एकाच पायाच्या पोटरीत दुखणे आणि सूज, धाप लागणे, छातीत दुखणे
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके

अशा वेळी 108 ला फोन करा.

मदत कोण करेल?

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. बाळाचे वजन होत असताना स्वतःचा त्रासही त्यांना सांगा. 42 व्या दिवसाच्या सुमारास स्वतःची तपासणी करून घ्या. तीन महिन्यांनंतरही लघवी सुटत असेल, कंबर दुखत असेल किंवा पोटाच्या मधोमध दोन बोटांपेक्षा जास्त फट जाणवत असेल, तर डॉक्टरांकडून फिजिओथेरपिस्टसाठी चिठ्ठी मागून घ्या. बाळ वर्षाचे झाले असले, तरी उशीर झालेला नाही.