कूलंट, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या इंजिनातील जादा उष्णता उचलून रेडिएटरमार्फत हवेत सोडणारे द्रव मिश्रण. त्यात पाणी, एथिलीन ग्लायकॉल आणि धातूला गंजू न देणारी रसायने असतात. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा गाडी पुढे न्यायला उपयोगी पडतो. जवळपास तेवढाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा इंजिनाच्या धातूत मुरतो. तो वेळच्या वेळी काढला नाही तर सिलिंडरवरचे हेड वाकते, गॅस्केट जाते आणि शेवटी इंजिन जाम होते. वॉटर पंप कूलंट ब्लॉकच्या आणि हेडच्या पोकळ्यांतून फिरवतो. ते ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की थर्मोस्टॅट उघडतो, कूलंट रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत जाऊन निवते आणि परत येते. मुंबईच्या उपनगरांत या द्रवाबद्दल एक समज पक्का आहे: इथे थंडी कुठे पडते, मग कूलंट कशाला, नळाचे पाणी चालते. या समजाचे गृहीतक खरे आहे आणि निष्कर्ष चुकीचा. म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला.

गृहीतक खरे कसे, ते आधी पाहू. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चे. पाणी आणि ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण अंधेरी-बोरिवलीच्या गाडीला या गुणाचा काडीचा उपयोग नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दहिवर गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. तेवढ्या थंडीने रेडिएटर फुटत नाही. लडाखला गाडी नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. उष्णता वाहून नेण्याचे म्हणाल, तर त्यातही नुसते पाणीच सरस ठरते: एक किलो पाणी एका अंशाने तापताना सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता पोटात घेते, निम्म्या ग्लायकॉलचे मिश्रण साडेतीनच्याही आतच. राहिला प्रश्न उकळण्याचा. मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे पाण्यापेक्षा सातच अंश जास्त. खरी मजल मारते ते रेडिएटरचे झाकण. ते साधारण १.१ बार दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणीही १२० अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. ग्लायकॉल त्यात सात-आठ अंशांची भर घालते, इतकेच. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर उत्तम कूलंट भरूनही गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या रांगेत तापणार. गोठणे, उष्णता वाहणे, उकळणे या तिन्ही कसोट्यांवर कूलंटची बाजू मुंबईत लंगडी पडते, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

मग उरते काय? उरतो तो डब्यातला सर्वांत लहान घटक, गंजरोधक, आणि मुंबईत कूलंट भरण्याचे मुख्य कारण तोच आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हेड अ‍ॅल्युमिनियमचे, रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आणि पुष्कळदा ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. त्याच वाटेवर पोलाद, बिडाचे भाग आणि कुठेकुठे पितळही येते. निरनिराळे धातू एकाच गरम, वीजवाहक द्रवात बुडाले की त्यातला हळवा धातू झिजू लागतो. अ‍ॅल्युमिनियम स्वतःवर ऑक्साइडचा पातळ थर धरून वाचते खरे, पण पाण्यातल्या क्लोराइडने तो थर ठिकठिकाणी फुटतो आणि सुईने टोचल्यासारखी भोके पडतात. रेडिएटरच्या नळीची भिंत मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच असते, त्यामुळे भोक आरपार जायला फार वेळ लागत नाही. सिलिकेट किंवा सेंद्रिय आम्लांचे क्षार धातूवर पडदा धरतात आणि द्रवाला आम्लधर्मी होऊ देत नाहीत. ही रसायने वापराने संपतात. शिवाय उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे ग्लायकॉल स्वतःच हळूहळू मोडते आणि त्यातून आम्ले तयार होतात. चार-पाच वर्षांचे कूलंट दिसायला हिरवेगार असले तरी धातूला पाण्याइतकेच, प्रसंगी पाण्याहून जास्त मारक ठरू शकते. गॅरेजमधला रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकॉलचे प्रमाण सांगतो. तो ‘पन्नास टक्के, उत्तम’ म्हणतो तेव्हा गंजरोधक संपलेला असू शकतो. ते कळण्यासाठी चाचणीची पट्टी लागते किंवा सरळ तारीख पाहावी लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: काळी-पिवळी पद्मिनी जन्मभर पाण्यावरच धावली. खरे आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मुंबईच्या टॅक्सीव्यवसायात ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली आणि चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली असायची. पण तिचा ब्लॉक जाड बिडाचा होता, रेडिएटर तांब्या-पितळेचा. बीड गंजले तरी आरपार जायला वर्षे लागत. रेडिएटर गळला तर डाग देऊन तासाभरात गाडी रस्त्यावर. आजच्या रेडिएटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात. तो गळला की बहुधा बदलावाच लागतो. सवय पद्मिनीची आणि धातू नव्या गाडीचा, असा हा घोळ आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मुंबईला पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या तलावांचे, भांडुप संकुलात शुद्ध केलेले, ते जड नाही, त्याचा क्षार धरत नाही. क्षाराबाबत हे बरेचसे पटण्याजोगे आहे. पण पाणी मृदू असले म्हणून गंजरोधक होत नाही. त्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो आणि जंतुनाशक क्लोरीनचा अंशही. त्यातून अनेक सोसायट्यांत गाड्या धुवायच्या नळाला येते ते महापालिकेचे पाणी नसतेच, बोअरवेलचे किंवा टँकरचे असते, आणि खाडीजवळच्या बोअरवेलचे पाणी जिभेला लावले तरी खारट कळते. तिसरा आक्षेप असा की गंजरोधकच हवा तर तेवढाच पाण्यात घाला, ग्लायकॉल कशाला. तत्त्वतः हे शक्य आहे आणि शर्यतीच्या गाड्यांत तसे करतातही. रोजच्या गाडीसाठी मात्र झाकण किंचित सैल झाल्यावर कामी येणारे ते सात-आठ अंश सोडू नयेत; निर्मात्याने पंपाचे सील आणि पाइप याच मिश्रणावर तपासलेले असतात.

उपनगरांत एक गोष्ट मात्र खरोखरच गोठते, आणि ती कूलंटअभावीच. इथल्या अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सीएनजीच्या गाड्या दिसतील. टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला वायू दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरमध्ये एकदम प्रसरण पावतो आणि त्यामुळे कडाक्याचा थंड होतो. रिड्यूसर गारठू नये म्हणून इंजिनाच्या कूलंटचे दोन बोटभर जाडीचे पाइप त्यातून फिरवलेले असतात. पातळी खाली गेली किंवा पाइपात हवा अडकली की भर मे महिन्यात त्या धातूच्या डबीवर पांढरा बर्फ चढतो, गाडी झटके देते आणि मालक इंजेक्टर साफ करून घेत बसतो. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हीटरच्या पाइपाला टी-जोड देऊन ही वाट काढतात. थेंबथेंब गळती शोधायची तर पहिली टॉर्च त्या जोडांच्या क्लिपांवर मारावी. ‘मुंबईत थर्मोस्टॅट लागत नाही’ म्हणून तो काढून टाकण्याची गॅरेजची खोडही इथेच महागात पडते. या गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन कूलंट साधारण ३० ते ४० अंशांवर गेल्यावर गॅसवर जातात. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन उशिरा तापते, घाटकोपर ते मुलुंडच्या फेरीचा बराच भाग पेट्रोलवर जातो, आणि गार इंजिनात तेलात पाणी साचून काळा गाळ धरतो तो वेगळाच.

देखभाल फारशी नाही. पातळी इंजिन गार असताना पारदर्शक टाकीवरच्या ‘लो’ आणि ‘फुल’ या खुणांमध्ये पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, आतला दाब सुटताच उकळता द्रव तोंडावर येतो. थोडे कमी झाले तर त्याच प्रतीचे तयार मिश्रण किंवा क्षारविरहित पाणी घालावे. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घालावे लागत असेल तर गळती आहे, आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल, टाकीत बुडबुडे येत असतील किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ फेस असेल, तर हेड गॅस्केटकडे पाहावे. रंगावर विसंबू नये; हिरवा, लाल, निळा हे निर्मात्यांचे रंग आहेत, त्यांचे कोणतेही मानक नाही. पुस्तिकेतला प्रकार पाहावा आणि डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असे मानक आहे का ते बघावे. जुन्या सिलिकेट प्रकारचे कूलंट सुमारे दोन वर्षांनी आणि सेंद्रिय आम्लांचे पाच वर्षांच्या आसपास बदलतात; दोन्ही एकत्र केल्यास आयुष्य कमी असलेल्याचेच उरते. घट्ट स्वरूपातले घेतल्यास त्यात पाणी मिसळायचे आहे हे विसरू नये, कारण नुसते ग्लायकॉल उष्णता आणखी कमी वाहते. बदलल्यावर यंत्रणेतली हवा काढणे आवश्यक असते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्याने सिग्नलला सगळी भिस्त पंख्यावर असते. मेट्रो आणि इमारतींच्या बांधकामांची धूळ जाळीत बसली, तर पंखा फिरूनही हवा आत जात नाही. ती जाळी आतून बाहेर हलक्या धारेने धुवावी. तापमानाचा काटा चढलाच, तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याची भीती असते.

एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड आहे; सोसायटीच्या आवारातली कुत्री-मांजरे सांडलेले कूलंट चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. पोटात गेल्यास माणसालाही तोच धोका, म्हणून ते पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. काढलेले कूलंट गटारात ओतणे ही उपनगरांतली सर्रास पद्धत आहे, पण पावसाळी गटारे कोणत्याही शुद्धीकरण केंद्रात न जाता मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या नद्यांतून किंवा थेट खाडीत उतरतात. ते कॅनमध्ये भरून, जुने इंजिन ऑइल अधिकृत संकलकाकडे देणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. मात्र दोन्ही एकाच कॅनमध्ये मिसळू नयेत, कारण मिसळलेले तेल पुनर्वापराच्या कामाचे राहत नाही.