दोन ओळींमधली भाषा : लिंडिसफार्नच्या हस्तलिखिताला आपले प्रश्न

एखादे प्राचीन हस्तलिखित समोर आले की आपल्याकडे दोनच गोष्टींची चर्चा होते. ते किती जुने आहे आणि किती सुंदर आहे. ते कोणी लिहिले, कोणाच्या श्रमावर लिहिले, ते वाचायचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे प्रश्न आपण विचारले की लगेच 'प्रत्येक गोष्टीत जात आणता' असा आरोप होतो. म्हणून आज हेच प्रश्न इंग्लंडमधल्या एका जगप्रसिद्ध ग्रंथाला विचारून पाहू.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे छोटे बेट आहे. भरती आली की त्याची वाट पाण्याखाली जाते, ओहोटीला चालत जाता येते. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याच्या बोलावण्यावरून एडन या आयरिश परंपरेतल्या भिक्षूने इ. स. ६३५ च्या सुमारास तिथे मठ उभारला. याच मठात इ. स. ७०० च्या आसपास मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमाने लॅटिनमध्ये लिहिली गेली. ६९८ ते ७२१ या काळात तिथे बिशप असलेल्या एडफ्रिथने हा ग्रंथ लिहिला, अशी नोंद ग्रंथातच आहे. अक्षर एकाच हाताचे आहे. प्रत्येक शुभवर्तमानाआधी गालिच्यासारखे नक्षीने भरलेले पान आहे. त्यात एकमेकांत गुंतलेले पक्षी, प्राणी आणि वेलबुट्टी इतकी बारीक आहे की भिंगाशिवाय तिचा माग लागत नाही.

या ग्रंथातला निळा रंग अफगाणिस्तानातल्या मौल्यवान लाजवर्दी दगडाचा असावा, असे बरीच वर्षे सांगितले जात होते. पुढे प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि तो वनस्पतीपासून काढलेली नीळ निघाला. ग्रंथाचे मोठेपण त्यामुळे कमी झाले नाही. पुरावा आला, जुने मत मागे पडले, कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. आपल्याकडे इतिहासाची चिकित्सा इतक्या शांतपणे होते का?

आता श्रमाचा प्रश्न. हा ग्रंथ कागदावर नाही, चामड्यावर आहे. त्यासाठी सुमारे सव्वाशे ते दीडशे वासरांची कातडी लागली असावी. ती चुन्यात भिजवायची, केस काढायचे, चौकटीवर ताणायची, धारदार पात्याने खरवडून पातळ करायची. आपल्या देशात ज्या हातांनी हे काम केले, त्या हातांना अस्पृश्य ठरवले गेले. मेलेले जनावर ओढणाऱ्याला आणि कातडे कमावणाऱ्याला गावाबाहेर ठेवले गेले. तिकडे ख्रिस्ती धर्माचे सर्वांत पवित्र शब्द चामड्यावर उतरले, आणि ते उतरवायला खुद्द बिशप बसला. चामडे मुळात अपवित्र असते तर ते सगळीकडेच अपवित्र ठरले असते. म्हणजे अपवित्रता वस्तूत नव्हती. ती समाजव्यवस्थेने ठरवलेली होती.

याचा अर्थ तिथे समता होती असा मुळीच नाही. अँग्लो-सॅक्सन समाजात गुलामगिरी होती. राजांकडे, सरदारांकडे आणि चर्चकडेही गुलाम होते. १०८६ च्या 'डूम्सडे' या मोजणीच्या दप्तरात नोंदल्या गेलेल्यांपैकी साधारण दर दहामागे एक गुलाम होता. ज्यांनी ती वासरे राखली आणि ज्यांनी कातडी खरवडली, त्यांची नावे या ग्रंथात नाहीत. युरोपचे कौतुक करताना ही बाजू झाकायची नसते.

तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. बीड हा त्याच काळातला, त्याच राज्यातला इतिहासकार. त्याने कॅडमन नावाच्या माणसाची हकिकत लिहून ठेवली आहे. हा ग्रंथ तयार होण्याच्या एक-दोन पिढ्या आधी व्हिटबीच्या मठात कॅडमन गुरे राखत असे. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तो आपल्या बोलीत धर्मकथांची गाणी रचू लागला, तेव्हा मठाची प्रमुख हिल्डा या स्त्रीने त्याला मठात घेतले. त्याला पवित्र कथा ऐकवल्या गेल्या आणि त्याने त्या इंग्रजी कवितेत बांधल्या. बीड सांगतो की त्याचे शिक्षकच त्याचे श्रोते झाले. आता गौतम धर्मसूत्र आठवा. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील आणि लाखेचा रस ओतावा, अशी शिक्षा तिथे सांगितली आहे. एका ठिकाणी गुराख्याला धर्मकथा मुद्दाम ऐकवल्या गेल्या, दुसऱ्या ठिकाणी ऐकणे हाच गुन्हा ठरला. गरिबी आणि गुलामी दोन्हीकडे होती. जन्मावरून कान बंद करणारा धर्मनियम मात्र आपल्याकडचा.

मग हा ग्रंथ सामान्य माणसाला वाचता येत होता का? नाही. तो लॅटिनमध्ये होता आणि लोक इंग्रजी बोलत होते. सगळ्या पाद्र्यांनाही लॅटिन येत नव्हते. लॅटिन न येणाऱ्या अनेक पाद्र्यांना आपण मुख्य प्रार्थनांचे इंग्रजी भाषांतर करून दिले, असे बीडनेच एका पत्रात लिहिले आहे. ७३५ मध्ये मृत्युशय्येवरही तो योहानाचे शुभवर्तमान इंग्रजीत सांगत होता, असे त्याचा शिष्य नोंदवतो. ते भाषांतर आज उरलेले नाही.

उरले ते दुसऱ्या एका माणसाचे काम. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्नवर हल्ला केला. पुढे ८७५ मध्ये भिक्षूंनी बेट सोडले आणि काही वर्षे भटकून चेस्टर-ले-स्ट्रीट या गावी ते स्थिरावले. तिथे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात अल्ड्रेड नावाच्या पाद्र्याने लेखणी उचलली आणि एडफ्रिथच्या देखण्या लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात, प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या बोलीत लिहिला. एखाद्या शब्दाचे दोन अर्थ संभवत असतील तर त्याने दोन्ही लिहिले. शुभवर्तमानांचे इंग्रजीतले आज टिकून असलेले सर्वांत जुने भाषांतर ते हेच.

सौंदर्याच्या भक्तांना वाटेल, एवढ्या सुंदर पानावर याने खरडले कशाला? मला उलट वाटते. या ग्रंथातली सर्वांत मोलाची अक्षरे तीच आहेत. अर्थात हे शब्दार्थ पाद्र्यांसाठी होते, शेतकऱ्याच्या हाती ते गेले नाहीत. पण पवित्र ग्रंथाच्या पानावरच लोकांच्या बोलीला जागा मिळाली.

आणि ही जागा पुढे कशी नाकारली गेली ते पाहा. १४०९ मध्ये आर्चबिशप अरुंडेलच्या नियमांनी परवानगीशिवाय बायबलचे इंग्रजी भाषांतर करायला बंदी घातली. विल्यम टिंडेलने नवा करार इंग्रजीत छापला, त्याला १५३६ मध्ये गळा आवळून मारले आणि देह जाळला. बोलीत धर्मग्रंथ आणणे हा गुन्हा ठरला होता, तेव्हा साडेपाचशे वर्षांपूर्वी खुद्द चर्चच्या माणसाने केलेले भाषांतर या पानांवर होतेच. पुढे १५७१ मध्ये शुभवर्तमानांचे दुसरे एक जुने इंग्रजी भाषांतर मुद्दाम छापले गेले. लोकभाषेत धर्मग्रंथ ही नवी गोष्ट नाही, हे दाखवण्यासाठी. प्रस्थापित 'परंपरा' म्हणून जे सांगतात, ते परंपरेतला आपल्या सोयीचा तुकडा असतो. जुने कागद तपासले की हे उघडे पडते.

आपण बौद्धांनी तर ही गोष्ट आधी ओळखायला हवी. बुद्धवचन छंदस् भाषेत बांधावे, अशी सूचना ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षूंनी केली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या भाषेत शिकायला सांगितले. विनयपिटकात ही नोंद आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो मराठीत. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसू लागले. हा ग्रंथ तेव्हा त्याच म्युझियमच्या संग्रहात होता. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. ज्याला लहानपणी शाळेत वेगळे बसवले गेले, तो माणूस जगातल्या एका मोठ्या ज्ञानभांडाराच्या छताखाली हक्काने बसला होता. आपल्याकडच्या किती ग्रंथांची दारे तेव्हा त्यांना अशी उघडी होती?

शेवटी एक काम सांगतो. अल्ड्रेडने ग्रंथाच्या अखेरीस चार नावे लिहिली. लिहिणारा एडफ्रिथ, बांधणी करणारा एथेलवल्ड, सोन्याचांदीचे काम करणारा बिलफ्रिथ आणि चौथा तो स्वतः. आपल्या आईचीही आठवण त्याने ठेवली, आपण एका भल्या बाईचा मुलगा आहोत असे लिहून. बिलफ्रिथने मढवलेले ते आवरण केव्हाच नाहीसे झाले. घडवणाऱ्याचे नाव राहिले, कारण कोणीतरी ते लिहिले.

मित्रांनो, आपल्या वस्त्यांत जलसाकारांच्या, शाहिरांच्या हस्तलिखित वह्या आजही पेटीत पडून आहेत. वाळवी आणि पावसाळा कोणाची वाट पाहत नाहीत. त्या वह्या शोधा, पानांचे फोटो काढा. लिहिणाऱ्याचे नाव, गाणाऱ्यांची नावे, वही जपणाऱ्या माउलीचे नाव आणि तारीख शेवटच्या पानावर लिहा. आपली नावे दुसरा कोणी लिहील या भरवशावर आपण फार शतके राहिलो.

जय भीम!