साठाचा वेग : खानदेशातली जुनी जीप आणि तिचा रस्ता

‘ही गाडी किती पळते?’ हा प्रश्न जुन्या गाडीच्या मालकाला जितक्यांदा विचारला जातो, तितक्यांदा ‘ही कितीवर थांबते?’ हा विचारला जात नाही. वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही बहुधा पहिलाच प्रश्न विचारला आहे. खानदेशातल्या जुन्या जीपगाड्यांची माहिती जमवताना मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो आणि मला वाटू लागले, की गाडीचा सुखाचा वेग हा एक ऐतिहासिक पुरावा आहे. ती गाडी कोणत्या रस्त्यासाठी जन्मली, कोणत्या रस्त्यावर वाढली आणि आज कोणत्या रस्त्यावर येऊन उभी आहे, हे त्या एका आकड्यातून वाचता येते.

मी अभियंता नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. पिंपळनेर, साक्री, दहिवेल, नवापूर या पट्ट्यातली गॅरेजे, जुन्या चालकांच्या आठवणी, सरकारी गॅझेटियर आणि रस्तेबांधणीची प्रमाणके ही माझी साधने. गावही या कामाला सोयीचे आहे. ब्रिटिश काळात तालुका पिंपळनेरच्या नावाने ओळखला जाई. एका बाजूला शेलबारी घाट उतरून ताहराबाद-सटाण्याकडे रस्ता जातो, दुसऱ्या बाजूला चरणमाळ घाटातून नवापूरकडे, आणि उत्तरेला कोंडाईबारीचा घाट घेऊन सुरत-धुळे-नागपूर महामार्ग. सपाटी, चढण आणि उतरण अशी तिन्ही परीक्षा जुन्या गाडीला इथे एकाच दिवसात द्याव्या लागतात.

वेगाला कायद्याने मर्यादा घालण्याची कथा मोटारीपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६५च्या कायद्याने रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा दिली होती, आणि पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालत असे. १८९६ मध्ये ही मर्यादा १४ मैलांवर आणि १९०३ मध्ये २० मैलांवर गेली. आपल्याकडे १९१४ मध्ये भारतीय मोटार वाहन कायदा आला आणि पुढे १९३९ व १९८८ मध्ये नवे कायदे झाले.

पण कायद्याआधी रस्ता हवा. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि बैलगाडीच्या लोखंडी धावांसाठी केलेले खडीचे रस्ते रबरी चाकांच्या ओढीने उखडू लागले. त्यावर उपाय सुचवण्यासाठी १९२७ मध्ये समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. जयकर समितीच्या शिफारशीमुळे पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण रस्ते अशी प्रतवारी ठरली. आज आपण ज्याला महामार्ग म्हणतो, त्याच्या कल्पनेवर महाराष्ट्राची अशी दुहेरी मुद्रा आहे.

याच सुमारास, दुसऱ्या महायुद्धात, जीप जन्मली. विलीस कंपनीची युद्धकालीन जीप म्हणजे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, तीन गिअर आणि दोन चाकजोड्यांमध्ये अवघे ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या आसपास अंतर. तिच्या डॅशबोर्डावर एक पत्र्याची पाटी असे. वरच्या गिअरमध्ये ताशी ६५ मैल, मधल्यात ४१, खालच्यात २४, याहून जास्त वेग नको, अशी ताकीद तिच्यावर होती. ६५ मैल म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. ही पाटी पाहून पुष्कळांचा समज होतो, की जीप शंभराने चालवायला हरकत नाही.

पाटी नेमके काय सांगते, हे थोड्या हिशेबाने कळते. जीपच्या चाकाचा घेर साधारण २.३ मीटर. मागच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण ४.८८, म्हणजे चाक एकदा फिरायला वरच्या गिअरमध्ये इंजिन जवळजवळ पाच वेळा फिरते. त्यामुळे ताशी ६० किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला सुमारे २,१०० फेरे होतात, ८०ला २,८००, १००ला ३,५०० आणि पाटीवरच्या १०५ला ३,७००. या इंजिनाची पूर्ण ताकद ४,००० फेऱ्यांना मिळते. पाटीवरचा आकडा म्हणजे इंजिनाच्या सहनशक्तीची हद्द. तीत ब्रेकचा, कमानपाट्यांचा आणि स्टेअरिंगचा विचार नाही. एका जुन्या चालक आबांना मी यावर विचारले, तेव्हा ते अहिराणीत म्हणाले, ‘‘भाऊ, गाडी बोलस, आयकनारा जोयजे.’’ साठाच्या पुढे गेले की गिअरची दांडी थरथरते, स्टेअरिंग हातात खेळू लागते आणि शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते, हे त्यांचे ‘बोलणे’.

मुंबईत महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत विलीस जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे ती इथेच बनू लागली. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्या वेगळ्याच. खानदेशात जीप सरकारी खात्यांकडे आली, मग पुढाऱ्यांकडे, बागाईतदारांकडे, आणि शेवटी काळी-पिवळीच्या रूपात सगळ्यांकडे. ज्या रस्त्यांवर ती वाढली ते एकपदरी होते. समोरून एसटी आली की एका बाजूची दोन्ही चाके साइडपट्टीवर उतरवावी लागत. अशा रस्त्यावर ताशी ४० ते ५० हाच सगळ्यांचा वेग होता. जीप हळू आहे असे तेव्हा कोणी म्हणत नसे, कारण तिच्याहून वेगवान असे रस्त्यावर फारसे काही नव्हते.

इथे अमेरिकेतल्या एका परंपरेची आठवण येते. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्या घेत, मडगार्ड काढून त्या हलक्या करत, इंजिन वाढवत किंवा बदलत आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर वेग मोजत. १९३७ मध्ये त्यांची वेगमापन संघटना उभी राहिली. अशा गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात. १९३२च्या फोर्डमध्ये ६५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे इंजिन आले, पण फोर्डने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक दिले ते १९३९च्या गाड्यांपासून. मधली वर्षे ताकदवान इंजिन आणि सळ्या-तारांनी ओढायचे ब्रेक अशी जोडी होती. आज तिथे जुन्या धाटणीची हॉट रॉड बांधणारे लोक आधी ब्रेक आणि स्टेअरिंग सुधारतात आणि मग इंजिनाला हात लावतात, त्यामागे हा अनुभव आहे.

खानदेशातही इंजिने बदलली, पण हेतू वेगळा होता. पेट्रोल परवडेना, म्हणून पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे चढवले गेले. तिकडे वेगाची हौस, इकडे इंधनाची बचत. परिणाम मात्र पुढे एकाच ठिकाणी आला. डिझेल इंजिन वजनाला जड आणि कमी फेऱ्यांत ताकद देणारे. त्यामुळे जुन्या क्राऊन-पिनियनवर गाडी मंद वाटू लागली. मग काहींनी ते प्रमाणही बदलले. आता गाडी आवाज न करता ८०-९० गाठू लागली. ‘गाडी बोलस’ म्हणणाऱ्या आबांची खूणच नाहीशी झाली. ब्रेकचे ड्रम, कमानपाटे आणि चाकांमधले अंतर मात्र मूळचेच राहिले.

यात धोका किती, हे सांगायला रस्ते-अभियंत्यांचाच हिशेब वापरतो. चालकाला अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. ताशी ८०ला तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे जाते. त्यानंतर ब्रेक लागून थांबेपर्यंतचे अंतर धरून इंडियन रोड्स काँग्रेसचे प्रमाणक ८०साठी १२० मीटर दृष्टीचे अंतर मागते आणि ६०साठी ८० मीटर. आता जुन्या ड्रमची पकड तीन दशांशाने कमी धरा, मग ते लायनर झिजल्यामुळे असो, माल आणि माणसे भरल्यामुळे असो किंवा ड्रम तापल्यामुळे. ८०ला थांबायला जवळजवळ १६० मीटर लागतात. म्हणजे रस्ता बांधणाऱ्याने वळणावर जेवढे पुढचे दिसेल अशी तजवीज केली, त्याच्या ४० मीटर पलीकडे गाडी थांबते. तीच गाडी ६०ने असेल तर शंभर मीटरच्या आत थांबते. मोकळ्या सपाटीवर साठाचा वेग सुखाचा वाटतो, त्याचे कारण नुसते सवयीचे नाही.

घाटात हिशेब आणखी खाली येतो. डोंगरी रस्त्यावर ५० मीटर त्रिज्येचे वळण असेल, तर रस्त्याला पुरेसा उतार देऊनही ते ताशी ४० किलोमीटरसाठीच असते. उंच आणि अरुंद जीपला त्याहून कमी बरे. उतरणीला ब्रेकवर पाय ठेवून उतरले की ड्रम तापतात आणि तापलेला ड्रम धरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही चरणमाळच्या चालकांची रीत, आणि तिच्यामागे पूर्ण शास्त्र आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्यांनी काय किंमत मोजली, हे या घाटांच्या कठड्यांना विचारावे.

आता रस्ता पुन्हा बदलला आहे. ६ एप्रिल २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने मोटारींसाठी दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल १०० आणि द्रुतगती मार्गावर १२० किलोमीटरची मर्यादा ठरवली, इतर रस्त्यांवर ७०. शंभराच्या रस्त्यावर साठाने चालणारी जीप मागून येणाऱ्याला ताशी ४० किलोमीटरने जवळ येणारी वस्तू असते. शंभर मीटरचे अंतर नऊ सेकंदांत संपते. त्यात जुन्या जीपचा मागचा दिवा लहान आणि मिणमिणता. जी गाडी एकपदरी रस्त्यावर सगळ्यांच्या बरोबरीने चालत होती, तीच आता हळू चालल्यामुळे धोक्यात येते, आणि वेगाने चालली तर थांबू शकत नाही. यातून आजची वाट एवढीच उरते : दिवसाउजेडी डावी कड धरावी, मागे मोठी परावर्तक पट्टी लावावी, साठाच्या आसपास राहावे आणि जुना समांतर रस्ता असेल तर तोच घ्यावा. इंग्लंडात १९०५ पूर्वीच्या मोटारींची लंडन ते ब्रायटन फेरी दर वर्षी निघते. तिच्यातही सरासरी ताशी २० मैलांच्या वर जाण्याला परवानगी नाही. जुन्या गाडीचा मान तिच्या वेगाने चालण्यात आहे, हे तिथे नियम करून मान्य केले आहे.

आपल्याकडे नियम झाले, पण या जीपला त्यांत जागा नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी विंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपट्टी मिळते आणि प्रदर्शन, संशोधन, फेरी अशा कामांपुरती ती रस्त्यावर आणता येते. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय मला योग्यच वाटतो. वरचा सगळा हिशेब त्याच्याच बाजूचा आहे.

पण त्याचा एक परिणाम इतिहासाला भोगावा लागणार. संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या परदेशी मोटारी मूळ रूपात टिकल्या, कारण त्या फारशा राबल्या नाहीत. त्या विंटेज ठरतील. खानदेशातली जीप राबली, म्हणून बदलली. तिच्या एका सांगाड्यात युद्धकाळाचा पत्रा, पुढच्या पिढीतले डिझेल इंजिन, तिसऱ्याच गाडीचे क्राऊन-पिनियन आणि गावच्या लोहाराने बसवलेला हौदा असतो. ती मूळची नाही म्हणून वारसा नाही, आणि बदललेली आहे म्हणून रस्त्यावर चालायलाही पात्र नाही. तिच्यासाठी उरतो तो भंगाराचा काटा. त्या काट्यावर तिच्याबरोबर इथल्या वाहतुकीच्या पन्नास वर्षांचा दस्तऐवजही किलोने जातो.

या गाड्या महामार्गावर आणाव्यात, असे मी म्हणत नाही. त्या मोडीत निघण्याआधी त्यांची नोंद व्हावी, एवढीच माझी मागणी आहे. कोणते इंजिन केव्हा आणि कशासाठी चढवले, क्राऊन-पिनियनचे प्रमाण काय, घड्याळ मैलांचे की किलोमीटरचे, ब्रेक मूळचे की बदललेले, आणि मालक तिला कितीवर चालवत असे, ही पाच उत्तरे एका पानावर मावतात. घड्याळाचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण मैलांच्या घड्याळावरचे ५० म्हणजे ८० किलोमीटर. काटा पन्नासावर पाहून निर्धास्त बसणारा नवा चालक प्रत्यक्षात कुठे असतो, ते वाचकांच्या ध्यानात येईल. मी माझ्या परिसरातल्या गाड्यांची अशी पाने भरत आहे. शिरपूर, चोपडा, पाचोरा, जामनेरकडे कोणी हे काम हाती घेतले, तर खानदेशच्या रस्त्यांचा इतिहास रस्त्यांच्या कागदांतून लिहिला जातो तसा चाकांच्या बाजूनेही लिहिता येईल. आबांच्या पिढीतले चालक आता थोडे उरले आहेत, तेव्हा हे काम येत्या दोन-चार वर्षांतच करावे लागेल.