जननमार्गाचे जन्मजात दोष (स्त्रियांतील) : शस्त्रक्रिया

गर्भावस्थेत दोन म्यूलेरियन नलिका जुळून गर्भाशय व योनीचा वरचा भाग बनतो. जुळणी अर्धवट राहिली की गर्भाशय द्विशृंगी होते. त्याला सहसा हात लावत नाहीत, हे बरेच. मधला पडदा उरल्यास, गरज असेल तर, तो हिस्टेरोस्कोपने पोट न उघडता कापतात. योनिपटल बंद असलेल्या मुलीचे पोट दर महिन्याला दुखते, पाळी मात्र दिसत नाही. छेद देताच साचलेले काळपट, घट्ट रक्त बाहेर येते. गर्भाशयच नसेल तर? मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने अशा एका तरुणीला तिच्या आईचे, दुर्बिणीद्वारे काढलेले गर्भाशय बसवले. भारतातील हे पहिले गर्भाशय प्रत्यारोपण.